पाय लागला कीं लाथ मारली?

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीगोंदें तालुक्यांत काष्टी नांवाचें गांव आहे. दौंडाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, त्यावरचें हें एक स्टेशन. परंतु गांवाची ख्याती रेल्वेमुळें नाहीं. ती दर शनिवारीं भरणाऱ्या जनावरांच्या बाजारामुळें आहे. अशा बाजारांत घेणारा प्रथम बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मग विचारतो कीं, याला खोड काय आहे? मारका आहे काय? लाथाळ आहे काय? विकणाऱ्यानें खोड लपविली तर तो लबाड ठरतो. पण बैलानें लाथ मारली म्हणून बैलाला कोणी गुन्हेगार म्हणत नाहीं. त्याच गर्दींत एका माणसाचा पाय दुसऱ्या माणसाला लागला म्हणजे मात्र प्रश्न निराळा होतो. ज्याला लागला तो वळून पाहतो, तें पायाकडे नव्हे, तोंडाकडे पाहतो. इजा किती झाली हें त्याचें शरीर त्याला सांगतच असतें. समोरच्याच्या मनांत काय होतें, हें त्याला तोंडावर वाचावयाचें असतें.

मराठी भाषेनें हा भेद दोन क्रियापदांत बांधून ठेवला आहे. पाय ‘लागतो’, आणि लाथ ‘मारतात’. ‘माझा पाय लागला’ या वाक्यांत कर्ता माणूस नाहीं, पाय आहे. ‘त्यानें लाथ मारली’ यांत कर्ता माणूस आहे आणि पाय हें त्याचें हत्यार आहे. नडगीवर उठणारें टेंगूळ दोन्ही प्रसंगीं सारखेंच असतें. मोडलेलें हाड कोणत्या क्रियापदानें मोडलें, हें हाडाला कळत नाहीं. तरीहि समाजाला, खेळाला आणि कायद्याला या दोन वाक्यांतला फरक सांभाळल्यावांचून चालत नाहीं. तो फरक कोणीं ठरवावयाचा, पायवाल्यानें कीं पाय सोसणाऱ्यानें, कीं तिसऱ्या कोणीं, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आणि त्या इतिहासांत एक काळेंकुट्ट पानहि आहे.

आरंभ घरापासून करणें बरें. आपल्या समाजांत पायाचें स्थान चमत्कारिक आहे. थोरांच्या पायांवर मस्तक ठेवतात. पण आपला पाय मात्र कोणाला लागूं नये. पुस्तकाला, अन्नाला, केरसुणीला किंवा शेजारीं बसलेल्या माणसाला चुकून पाय लागला, तर त्या जागीं हात लावून तो डोळ्यांस किंवा छातीस लावावयाचा, हें मराठी घरांतलें मूल अक्षरओळखीच्या आधीं शिकतें. या लहानशा रीतींत पुष्कळ शहाणपण आहे. इजा झाली किंवा नाहीं, हें ती विचारीत नाहीं. हेतु होता किंवा नव्हता, हेंहि विचारीत नाहीं. ज्याचा पाय लागला त्यानें, दुसऱ्यानें तक्रार करण्यापूर्वींच, आपण होऊन नमावयाचें; आणि दुसऱ्यानें ‘असूं द्या’ म्हणावयाचें. या दोन शब्दांनीं प्रकरण मिटतें. म्हणजे तो अपघात होता असा निकाल देण्याचा अधिकार रूढीनें पाय लावणाऱ्याकडे ठेवला नाहीं. ज्याला लागला त्याच्याकडे ठेवला.

भृगु ऋषीची पुराणकथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. भृगूनें निजलेल्या विष्णूच्या छातीवर लाथ मारली, ती समजून उमजून मारली होती. विष्णूनें उठून त्याचेच पाय धरले आणि माझ्या कठीण छातीनें आपल्या पायाला इजा तर झाली नाहीं ना, असें विचारलें. श्रीवत्सलांछन म्हणून भक्त ज्या खुणेला पूज्य मानतात, ती त्याच पायाची खूण, असें परंपरा सांगते. कथेचें तात्पर्य सहसा विष्णूच्या क्षमेंत शोधलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु तींत दुसरीहि एक गोष्ट आहे. मारलेल्या लाथेला लागलेल्या पायासारखें वागवावयाचें झालें, तर तें औदार्य सोसणाऱ्याचें असतें. भृगूनेंच ‘चुकून लागला’ म्हटलें असतें, तर कथेंत कांहीं अर्थ उरला नसता.

रूढीकडून शास्त्राकडे वळलें म्हणजे चित्र पालटतें. कौटिल्याचें अर्थशास्त्र अनेक शतकें दृष्टीआड होतें. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत ‘दंडपारुष्य’ नांवाचें प्रकरण आहे. त्यांत कोणाच्या अंगाला काय लावलें आणि कोठें लावलें, यावरून दंडाचे दर सांगितले आहेत. नाभीच्या खालीं हात, चिखल, राख किंवा धूळ लावणाऱ्यास तीन पण दंड. पाय किंवा थुंकी लावल्यास सहा पण. नाभीच्या वर दुप्पट, आणि डोक्यास चौपट. हा दंड जखमेचा नाहीं, स्पर्शाचा आहे; म्हणजे मानखंडनेची किंमत येथें पणांत मोजली आहे. आणि पुढेंच म्हटलें आहे कीं, प्रमादानें, मद्यानें किंवा मोहानें असें घडलें असेल तर दंड निम्मा करावा. अनवधानानें लागलेल्या पायाला दंड निम्मा आहे, माफ नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बेसावधपणा हाहि थोडासा दोषच, असें त्या शास्त्रकाराला वाटत होतें.

पण त्याच प्रकरणांत दुसरेंहि एक माप आहे. हे दर बरोबरीच्या माणसांसाठीं आहेत; श्रेष्ठाला पाय लावला तर दंड दुप्पट, कनिष्ठाला लावला तर निम्मा. मनुस्मृति तर याहून पुष्कळ पुढें जाते. खालच्या वर्णाच्या माणसानें वरच्या वर्णाच्या माणसाला रागानें लाथ मारली, तर त्याचा पाय तोडावा, असें तिच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. म्हणजे पाय कोणाचा आणि अंग कोणाचें, हें पाहून अपराधाचें वजन ठरे. प्राचीन शास्त्रांनीं हेतु आणि अनवधान यांतला फरक ओळखला, हें त्यांचें भूषण. परंतु तो फरक माणसांच्या उतरंडीखालीं दडपला, हें त्यांचें वैगुण्य.

नव्या काळाच्या कायद्यानें ही उतरंड निदान कागदावर तरी काढून टाकली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील मंडळानें भारतीय दंडसंहितेचा मसुदा १८३७ सालीं तयार केला. कायदा १८६० सालीं मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. त्याच्या ८० व्या कलमांत अपघाताची व्याख्या दिली होती. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनें, योग्य ती काळजी घेऊन करीत असतांना, गुन्ह्याचा हेतु किंवा जाणीव नसतांना जें दुर्दैवानें घडतें, तो गुन्हा नव्हे. उदाहरण कुऱ्हाडीचें आहे. एक माणूस लाकूड तोडीत आहे; पातें निसटून उडतें आणि जवळ उभा असलेला माणूस मरतो. तोडणाऱ्यानें योग्य काळजी घेतली असेल, तर तो निर्दोष. ८७ व्या कलमांत खेळाचा विचार आहे. दोघे जण करमणुकीसाठीं तलवारीचे हात करावयाला राजी झाले आणि नियमानें खेळतांना एकाला इजा झाली, तर तोहि गुन्हा नव्हे. कारण तेवढी इजा सोसण्याची संमति खेळांत उतरण्यांतच आलेली असते. ९५ व्या कलमानें, शहाण्या माणसानें तक्रार करूं नये इतकी क्षुल्लक इजा कायद्याच्या बाहेर ठेवली. बाजारांतला धक्का आणि चुकून लागलेला पाय बहुधा या सदरांत पडतो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. हीं तीन कलमें तिच्यांत अनुक्रमें १८, २५ आणि ३३ या क्रमांकांनीं कायम आहेत.

शब्द उत्तम होते. पण शब्द ज्यांच्या हातीं होते, त्यांनीं त्यांचा उपयोग कसा केला, हें पाहिलें म्हणजे तें काळें पान समोर येतें.

डाव्या बाजूच्या शेवटच्या फासळ्यांच्या आड पानथरी, म्हणजे प्लीहा, असते. निरोगी माणसांत ती मुठीएवढी आणि सुमारें दीडशें ग्रॅम वजनाची असते. फासळ्यांचें कवच तिला पुरतें. हिंवतापानें वारंवार गांठलेल्या माणसाची पानथरी मात्र वाढते, फासळ्यांच्या खालीं उतरते आणि नाजूक होते. अशा पोटावर बसलेला मध्यम तडाखाहि ती फोडूं शकतो. मग रक्त पोटांतच सांचतें आणि बाहेर एक ओरखडाहि न दिसतां माणूस दगावतो. हिंवतापाचा जंतु लाव्हेराननें १८८० सालीं ओळखला, आणि डास हा त्याचा वाहक असल्याचा पुरावा रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेस ऑगस्ट १८९७ मध्यें सांपडला. पण वाढलेली पानथरी फुटते, हें डॉक्टरांना त्यापूर्वींच चांगलें माहीत होतें. आणि कोर्टांनाहि माहीत झालें होतें.

गोरा साहेब किंवा सोल्जर पंखेवाल्याला, खानसाम्याला किंवा मोतद्दाराला बुटाची लाथ मारी, किंवा ठोसा देई. रात्रीं पंखा ओढतां ओढतां डुलकी लागली, एवढेंहि कारण पुरे. तो गरीब मरे. शवपरीक्षेंत पानथरी फुटलेली आढळे. आणि मग बचाव उभा राही कीं, मारणाऱ्याला मारलेल्याच्या पोटांतला रोग कोठून ठाऊक असणार? मृत्यु हा दुर्दैवी अपघात. लाथ मारली ती हेतुपूर्वक, हें कोणी नाकारीत नसे. पण मरण तेवढें ‘लागलेलें’ ठरे. १८७६ सालीं आग्र्याच्या फुलर नांवाच्या इंग्रज वकिलाचें प्रकरण देशभर गाजलें. चर्चला जाण्याच्या वेळीं गाडीपाशीं मोतद्दार हजर नव्हता, म्हणून फुलरनें त्याला मारहाण केली; मोतद्दार पडला, उठला, शेजारच्या आवारांत गेला आणि मेला. पानथरी फुटली होती. साधी दुखापत केल्याबद्दल फुलरला तीस रुपये दंड झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटननें या निकालाबद्दल आणि हायकोर्टानें तो चालूं दिल्याबद्दल उघड नापसंती दाखविली, तेव्हां गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनीं व्हाइसरॉयवरच आग पाखडली.

हा एकटा खटला नव्हता. आरोपी गोरा असला म्हणजे त्याची चौकशी कोणासमोर चालावी, याचे नियमहि निराळे होते. १८८३ च्या इल्बर्ट बिलानें ती विषमता कमी करूं पाहिली, तर वादळ उठलें. आणि १८८४ सालीं तडजोड झाली ती अशी कीं, निम्मे पंच युरोपियन किंवा अमेरिकन असावेत अशी मागणी गोऱ्या आरोपीला करतां यावी. १९०२ सालीं सियालकोटास नवव्या लान्सर्स पलटणींतल्या कांहीं शिपायांनीं अट्टू नांवाच्या स्वयंपाक्याला इतकें मारलें कीं तो मेला. गुन्हेगार कोण, हें पलटणींतून कोणी सांगेना. लॉर्ड कर्झननें साऱ्या पलटणीला शिक्षा केली. आणि पुढच्याच जानेवारींत दिल्ली दरबाराच्या संचलनांत ती पलटण आली, तेव्हां जमलेल्या युरोपियनांनीं तिचा जयजयकार केला.

या खटल्यांतलें वैद्यक खोटें नव्हतें. वाढलेली पानथरी थोड्या मारानेंहि फुटते, हें खरेंच आहे. खोटा होता तो त्यापासून काढलेला निष्कर्ष. ८० व्या कलमानें अपघाताला तीन अटी घातल्या होत्या: काम कायदेशीर हवें, रीत कायदेशीर हवी, काळजी घेतलेली हवी. निजलेल्या पंखेवाल्याला लाथ मारणें यांतल्या कोणत्या अटींत बसतें? शिवाय ज्या देशांत घरोघरीं हिंवताप आहे, तेथें पोटावरची लाथ जिवावर बेतूं शकते, हें दोन-चार खटल्यांनंतर कोणाला अज्ञात होतें? तरीहि ‘अपघात’ हा शब्द टिकला. कारण तो उच्चारण्याचा अधिकार बूट घालणाऱ्यांच्या पंक्तीला बसलेल्यांकडे होता. रूढीनें जो निकाल सोसणाऱ्याकडे ठेवला होता, तो येथें मारणाऱ्याच्या भाऊबंदांनीं देऊन टाकला. सोसणारा तर ‘असूं द्या’ म्हणावयाला जिवंतहि नव्हता.

नवल असें कीं, याच कालखंडांत त्याच इंग्रजांच्या देशांत, लाथेला आंवर कसा घालावा याचा वाद खेळाच्या मैदानावर चालला होता. १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉलचे नियम एक करण्यासाठीं निरनिराळे क्लब एकत्र आले. वादाचा मुख्य मुद्दा असा होता कीं, प्रतिपक्ष्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारण्याची जुनी मुभा ठेवावी कीं नाहीं? ब्लॅकहीथ क्लबाचें म्हणणें पडलें कीं, ती काढली तर खेळांतलें पौरुषच जाईल. बहुमतानें ती काढली, आणि ब्लॅकहीथवाले संघ सोडून गेले. १८७१ सालीं रग्बीच्या संघानेंहि तीच बंदी घातली. १८७४ सालीं नॉटिंगहॅमच्या सॅम विडोसननें क्रिकेटचे पॅड कापून नडगीला बांधले; नियमानें बंद केलेली लाथ अपघातानें तरी बसणारच, हें त्यानें ओळखलें होतें. १८७८ सालीं फुटबॉलच्या सामन्यांत गुडघा पोटांत बसून एक खेळाडू मेला, तो खटला लेस्टरच्या कोर्टापुढें आला. न्यायमूर्ति ब्रॅमवेल यांनीं ज्यूरीला बजाविलें कीं, देशाच्या कायद्यानें जें निषिद्ध आहे तें खेळाचा कोणताहि नियम कायदेशीर करूं शकत नाहीं. तथापि नियमानें खेळणाऱ्यानें दुष्ट हेतूनें किंवा बेपर्वाईनें इजा केली नसेल, तर त्याला दोषी धरूं नये. ज्यूरीनें खेळाडूला सोडलें. येथेंहि निकाल ‘अपघात’ असाच झाला. पण तो पंचांच्या साक्षी होऊन आणि काळजीची कसोटी लावून झाला, ही गोष्ट महत्त्वाची.

हा खेळ हिंदुस्थानांत आला तो पलटणींच्या पायांतल्या बुटांसह आला. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ सालीं सुरू झाला, तेव्हां त्यांत लष्करी संघांचेंच वर्चस्व होतें. देशी गडी अनवाणी खेळत. बूट आणि उघडें पाऊल एका चेंडूवर एकाच वेळीं पडलें, तर कोणाचीं बोटें चिरडतील, हें सांगावयाला नको. तरीहि २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्याच्या मोहनबागान संघानें, एक गडी सोडून बाकी सारे अनवाणी असतां, ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. त्या दिवशींचा आनंद केवळ दोन गोलांचा नव्हता. ज्या बुटाच्या लाथेला कोर्टांत जाब मिळत नव्हता, त्या बुटासमोर उघडें पाऊल त्याच नियमाखालीं, त्याच पंचासमोर उभें राहून जिंकलें होतें. पुढें १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येंहि आपले बहुतेक गडी अनवाणीच होते. १९५२ च्या हेलसिंकी येथील मोठ्या पराभवानंतर मात्र बूट सक्तीचे झाले.

महाराष्ट्राचा स्वतःचा लाथेचा खेळ म्हणजे हुतुतू. याला पुढें देशभर कबड्डी हें नांव रूढ झालें. पुण्याचें डेक्कन जिमखाना, अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, बडोद्याचें हिंदविजय जिमखाना अशा संस्थांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत देशी खेळांना नियमांची बैठक दिली. संजीवनी, गामिनी, अमर असे हुतुतूचे निरनिराळे प्रकार गांवोगांव चालत. त्यांतून एक नियमावली १९१८ पासून आकार घेऊं लागली आणि १९२३ सालीं बडोद्यास तिच्या आधारें अखिल भारतीय सामने झाले. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं, त्यांत हुतुतूहि होता. १९५० सालीं अखिल भारतीय संघ स्थापन झाला, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालें.

या खेळांत चढाई करणारा गडी हातानें शिवतो तसा पायानेंहि शिवतो. पुढें पाय टाकून अंगठ्यानें शिवणें, बाजूला लाथ फेकणें, पाठ वळल्यासारखें दाखवून मागें लाथ झाडणें, हे सारे कसबी डाव आहेत. मग इतक्या लाथा चालणारा खेळ मारामारी कां होत नाहीं? याचें उत्तर नियमांच्या रचनेंत आहे. हुतुतूंत लाथेचा गुण स्पर्शाला मिळतो, जोराला नाहीं. अंगठ्याचें टोंक ओझरतें लागलें तरी गडी बाद. आणि फासळी मोडेपर्यंत मारली तरी गडी एकच बाद. जोर वाढवून लाभ कांहींच नाहीं. उलट पाय दूरवर फेकणारा तोल गमावतो आणि पकडींत सांपडतो. अशा रीतीनें खेळानें लाथेंतला ‘मारणें’ हा अंश काढून ‘लागणें’ तेवढें ठेवलें. मराठी क्रियापदांतला भेद येथें जणूं नियमांत उतरला आहे. नखें कापलेलीं असावींत, अंगावर दागिना नसावा, अंगाला तेल नसावें, चढाई करणाऱ्याचें तोंड दाबूं नये, पायांची कात्री घालून त्याला पकडूं नये, इजा होईल अशी आडदांड पकड करूं नये, या साऱ्या अटींचा अर्थ एकच. अपघात होणारच आहे. त्याला शक्य तितकी कमी संधि द्यावी. कायद्याच्या भाषेंत जी ‘योग्य काळजी’, ती हीच.

तरी इजा होतात. पकडीसाठीं वाकलेल्या गड्याच्या तोंडावर किंवा हनुवटीवर टांच बसते. नडगीच्या पुढच्या बाजूस हाड आणि कातडी यांच्यामध्यें मांसाची गादी नाहीं, म्हणून तेथें थोडा मारहि फार दुखतो आणि टेंगूळ लवकर येतें. मारणाऱ्याच्या पायाचीं बोटेंहि मुरगळतात. किंबहुना चुकून लागलेल्या पायानें बरेच वेळां पायवालाच जायबंदी होतो. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांची हाडवैद्य म्हणून मोठी ख्याती होती. तालीम शिकविणाऱ्यानें मोडलेलें बसविण्याची विद्याहि शिकली पाहिजे, ही जुन्या आखाड्यांची परंपरा होती. आजचें वैद्यक तींत कांहीं सुधारणा सुचवितें. ताज्या माराला लागलीच मालीश करूं नये आणि शेकूंहि नये. थंड पाण्याची किंवा बर्फाची पट्टी ठेवावी, अंग उंच ठेवून विसांवा द्यावा, आणि पाय टेकवतच नसेल तर क्ष-किरण चित्र काढावें. डाव्या फासळ्यांवर किंवा पोटावर मार बसून डावा खांदा दुखूं लागला, घेरी आली, तोंड पांढरें पडलें, तर क्षणाचाहि विलंब न करतां रुग्णालय गांठावें. पानथरी कधीं कधीं मार लागल्यावर कांहीं दिवसांनींहि फुटते. ‘आतां बरें वाटतें’ या शब्दांवर तेथें विसंबूं नये.

रुग्णालयांतहि तोच जुना प्रश्न वाट पाहत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनें १९९० सालीं रोगांचें व इजांचें जें दहावें वर्गीकरण मान्य केलें, त्यांत दुसऱ्या माणसाचा पाय चुकून लागून झालेल्या इजेचें एक कलम आहे आणि अंगबळानें केलेल्या हल्ल्याचें दुसरें कलम आहे. डॉक्टरापुढें सुजलेलें अंग तेवढें असतें. तें कोणत्या रकान्यांत घालावयाचें, हें ‘कसें लागलें?’ या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें. आणि हें उत्तर नेहमीं मोकळेपणानें येतेंच असें नाहीं. खेळाडू असेल तर तो हंसत सांगतो. पण नवऱ्याची लाथ खाल्लेली स्त्री पुष्कळदां ‘पडलें’, ‘झोंपेंत पाय लागला’ असें म्हणते. आणि शेजारीं उभा असलेला नवरा मान डोलावतो. आग्र्याच्या कोर्टांत जें घडलें, तें येथें एका लहान खोलींत घडत असतें. फरक इतकाच कीं, येथें ‘अपघात’ हा शब्द सोसणारीच्याच तोंडून वदविला जातो. दंडसंहितेंत १९८३ सालीं घातलेलें ४९८-अ कलम आणि २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा यांनीं तिच्यासाठीं दार उघडलें. परंतु त्या दारापर्यंत जावयाचें तर कोणीं तरी तिला एकांतांत, पुन्हां एकदां, शांतपणें विचारावें लागतें.

तात्पर्य, लागलेला पाय आणि मारलेली लाथ यांतला भेद पायांत नसतो. तो आधीं घेतलेल्या काळजींत असतो, आणि मागाहूनच्या वागण्यांत असतो. नखें कापून, तेल पुसून, पंचांसमोर मैदानांत उतरलेल्या गड्याचा पाय लागला, आणि त्यानें थांबून समोरच्याच्या अंगाला हात लावून तो छातीला लावला, तर त्या पायाला अपघात म्हणावयाला कोणाची हरकत नसते. ज्यानें काळजी घेतली नाहीं, थांबून पाहिलें नाहीं, आणि वर आपणच तो अपघात असल्याचें जाहीर केलें, त्याचा शब्द तपासून घ्यावा लागतो. मग तो बूट घातलेला साहेब असो किंवा घरांतला कर्ता पुरुष असो. काष्टीच्या बाजारांत बैल घेणाराहि धन्याच्या शब्दावर जात नाहीं. तो जनावर स्वतः चालवून पाहतो. अपघाताची ग्वाही जेव्हां एकट्या मारणाऱ्याकडूनच येते, तेव्हां तेवढी पारख माणसांच्या बाबतींतहि करावी.